जागेपुरता चेहरा

लोक विचारतात, तुम्ही जाहिरातवाल्यांकडे नक्की काय करता? मी सांगते, फोटो सुधारते. गालावरचे डाग पुसायचे, दमलेल्या डोळ्यांखालचं काळं काढायचं, कोणाची मान जरा लांब करायची, कोणाचं पोट आत घ्यायचं. एकवीस वर्षं हेच करतेय. आता घरी कोणी आलं तरी माझी नजर आधी त्यांच्या चेहऱ्यावर काय काय पुसता येईल तिकडे जाते. वाईट खोड आहे, पण पोट त्याच्यावरच चाललंय.

आमच्या कामात एक पद्धत आहे. जाहिरात जुळवताना खरा फोटो अजून आलेला नसतो, पण क्लायंटला काहीतरी दाखवायला तर हवं. मग हाताशी असेल तो चेहरा तिथे तात्पुरता चिकटवायचा. त्याला डमी म्हणतात. डमीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक लाल रेघ मारायची आणि खाली लिहायचं, 'फक्त जागेपुरता'. म्हणजे तो चुकून छपाईला जात नाही. ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी शिकवते, आणि कोणी विसरलं तर चारचौघांत झापते.

माझी स्वतःची डमी मात्र वर्षानुवर्षं एकच होती, माझी धाकटी बहीण. तिला जाऊन अठरा वर्षं झाली. साबण असो, पंखा असो, विमा असो, दोन दिवस त्या जागेवर धाकटी बसायची. मग मॉडेलचा फोटो आला की उठायची. कोणाला पत्ता नव्हता. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला मी तिला एक वर्षाने मोठी करायचे. डोळ्यांच्या कडेला एखादी सुरकुती, कानापाशी दोन पांढरे केस, हनुवटीखाली जरासं मांस. चोविसाव्या वर्षी गेलेली माझी बहीण माझ्या कॉम्प्युटरमध्ये बेचाळीस वर्षांची झाली होती. वेड लागलंय म्हणाल तर म्हणा, माझी काही हरकत नाही.

आणि तिच्या तोंडावर लाल रेघ मारायला माझा हात कधीच धजावला नाही. जगाला शिकवते ते मी स्वतः केलं नाही, पुढचं सगळं त्यातून झालं.

गेल्या वर्षी आमच्याकडे बुटांची एक मोठी कंपनी आली. आमच्या मुख्य डिझायनरला सगळं ऑफिस चष्म्या म्हणतं. त्याने सगळ्यांना बसवून तासभर ऐकवलं. म्हणे, आजची कॉलेजातली मुलं बूट टिकतो का, चावतो का, हे बघतच नाहीत. कंपनी कोणाच्या बाजूने उभी राहते ते बघतात. अन्यायाविरुद्ध तोंड उघडणाऱ्या कंपनीला डोक्यावर घेतात, गप्प बसणारीला वाळीत टाकतात. तेव्हा या वेळी बूट दाखवायचाच नाही. कारखान्यात काम करणारी एक बाई दाखवायची आणि खाली दोनच शब्द, 'ती बोलली'. मला हसू आलं. तेवढ्यात त्याने पडद्यावर कंपनीचं चिन्ह लावलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

गोलात एक शिडी. धाकटी याच बुटांचे सोल चिकटवायची. तिच्या कारखान्याच्या ओळखपत्रावर, फोटोच्याच कोपऱ्यात, हीच शिडी उमटवलेली होती. माझ्याकडचा तिचा फोटो त्या ओळखपत्रावरचाच. तेवढ्या एकाच फोटोत ती समोर बघतेय. शिडी मी पहिल्याच वर्षी एका स्कार्फखाली दडवून टाकली होती.

मग मी तिला तिथे का बसवलं? सवयीने बसवलं, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. ते निम्मं खोटं आहे. दोन दिवस का होईना, तिने त्या लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघावं असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी मी तिला उठवणारच होते.

तिसरा दिवस आलाच नाही. कंपनीच्या बाई तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या की हीच, दुसरी कोणी नको. रेघ नव्हती, तेव्हा डमी आहे हे कोणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. चष्म्याने माझ्याकडे वळून विचारलं, ताई, विकतच्या संग्रहातला फोटो आहे ना, हक्काबिक्काची भानगड नाही ना? नाही म्हटलं असतं तर ती कोण, कुठली, तिचं पुढे काय झालं, सगळंच निघालं असतं. मी हो म्हणून मोकळी झाले.

त्यांना एकच बदल हवा होता. बाई बोलणारी आहे, तिचं तोंड मिटलेलं कसं चालेल? जरा उघडा.

मिटलेलं तोंड उघडणं सोपं नसतं. ओठ कसेही ओढता येतात, पण आत दात लागतात, ते दुसऱ्या फोटोतून आणावे लागतात. एरवी आम्ही कोणाचेही घेतो. पण परक्या बाईचे दात माझ्या बहिणीच्या तोंडात बसवायला जीव होईना. मी टिटवीचे घेतले. टिटवी म्हणजे धाकटीची मुलगी. तान्ही असताना रात्रंदिवस टाहो फोडायची म्हणून मीच ठेवलेलं नाव. आई गेली तेव्हा दोन वर्षांची होती. बाप वर्षभरात दुसरीकडे संसार मांडून बसला, पोर माझ्या पदरात आली आणि मला दुसरं कोणी हवंसंही वाटलं नाही. तिचा वरचा एक दात शेजारच्या दातावर थोडा रेललेला आहे. तो मी सरळ करायला हवा होता. केला नाही. सहा तास खपून मी धाकटीचं तोंड उघडलं आणि घरी जाऊन न जेवता झोपले.

पंधरा दिवसांत ती सगळीकडे होती. बसथांब्यावर, दुकानांच्या काचांवर, बसच्या पाठीवर. आणि सगळ्यात मोठी, तीन मजली, बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. मी भांडी घासायला उभी राहिले की ती माझ्याकडे बघायची. अठरा वर्षं मी तिच्याकडे बघत होते, तेव्हा तिने कधी उलट बघितलं नव्हतं. आता तोंड उघडं होतं आणि आतून काहीच येत नव्हतं. बसथांब्यावर मागे कोणी खोकलं तरी माझ्या अंगावर काटा यायचा, कारण शेवटचे दोन महिने धाकटी तसंच खोकायची.

एक दिवस मला वाटलं की तोंड मी उघडलं होतं त्यापेक्षा जास्त उघडं आहे. ऑफिसात जाऊन फाइल उघडली, मोजलं. होतं तेवढंच होतं. दुसऱ्या दिवशी परत जास्त वाटलं. उन्हाने फलकाचं कापड ताणलं जातं, हे मला कळतं, मी या धंद्यात काल आले नाही. तरी मी खिडकीला जाड पडदा लावला. टिटवीने विचारलं तर ऊन लागतं म्हणून सांगितलं. त्या खिडकीत कधीच ऊन येत नाही.

मग कंपनीने तिची गोष्ट काढली. आमच्याच ऑफिसातल्या एका बाईने लिहिली, बिचारीला कुठे काय माहीत. ही बाई कारखान्यात कामाला होती. गोंदाच्या वासाने मैत्रिणींना चक्कर यायची. एक दिवस ती धीर करून वरिष्ठांसमोर उभी राहिली आणि बोलली. कंपनीने ऐकलं. हवा खेळती केली, पंखे लावले, आणि आज तीच बाई साऱ्या कारखान्याच्या सुरक्षेची प्रमुख आहे. वाचून कॉलेजातल्या मुलामुलींनी अश्रू ढाळले. तिच्या चेहऱ्याचे शर्ट निघाले. त्या वर्षी शिडीचे बूट नसलेलं पोर शोधून सापडलं नसतं.

आमच्या घरात तर देव्हाराच मांडला टिटवीने. तिने बिछान्याच्या डोक्याशी त्या बाईचं मोठं पोस्टर लावलं. तिचे जुने बूट दुसऱ्या कंपनीचे होते, ती कंपनी कामगारांबद्दल कधी चकार शब्द काढत नाही म्हणून ते धडधाकट बूट टाकून दिले. माझ्या चपलाही टाकायला निघाली होती. मी म्हटलं, माझ्या पायांना कोण बोललं न् कोण गप्प राहिलं काही कळत नाही, त्यांना फक्त टोचतं की नाही ते कळतं. ती म्हणाली, तुझ्या पिढीने असाच विचार केला म्हणून जग असं आहे. पोरगी मनापासून बोलत होती. तिला न्याय हवा होता आणि तो दुकानात मिळतो असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. सांगणाऱ्यांत मी होते.

तिच्या मैत्रिणी तिला चिडवायच्या, ही पोस्टरवरची बाई अगदी तुझी आई शोभेल. टिटवी लाजायची, खूश व्हायची. आईचा म्हणून तिला माहीत असलेला फोटो एकच, भिंतीवरचा, लग्नातला. त्यात धाकटी वळून हसतेय, डोळे जवळजवळ मिटलेले. त्या वीस वर्षांच्या पोरीत आणि या बेचाळीस वर्षांच्या बाईत काही नातं आहे हे माझ्याशिवाय कोणाला कळणं शक्य नव्हतं. ते नातं मीच पुसून काढलं होतं.

एका संध्याकाळी ती नाचतच घरी आली. कंपनीचं नवं मोठं दुकान उघडणार होतं. त्या दिवशी व्यासपीठावर उभं राहून 'ती बोलली'ची गोष्ट सांगायला त्यांनी शंभर मुलींमधून टिटवीला निवडलं होतं. चेहऱ्यात साम्य आहे म्हणाले. रविवारी सकाळी, पत्रकार, कॅमेरे, सगळं. मी कांदा चिरत होते, चिरतच राहिले. आनंद झाला नाही का तुला, म्हणून ती माझ्यासमोर येऊन बसली. मग एकदम शांत होऊन म्हणाली,

"मावशी, आई अशा ठिकाणी कामाला असती तर वाचली असती ना गं?"

कांद्याचं निमित्त होतं म्हणून बरं, डोळे पुसता आले. मी काहीतरी हं केलं आणि उठून मोरीत जाऊन उभी राहिले.

आता ते सांगायलाच हवं. तिला मी लहानपणापासून सांगितलं होतं की आई छातीच्या दुखण्याने गेली. खोटं नाही ते. दुखणं कशाने झालं ते सांगितलं नाही, एवढंच. धाकटी तिसऱ्या रांगेत बसायची, गोंदाच्या डब्यांपाशी. तिथल्या भिंतीला खिडकी होती, पण धूळ येऊन बूट खराब होतात म्हणून ती खिळे ठोकून बंद केली होती. एक दिवस धाकटीने तक्रार लिहिली आणि माझ्याकडे आणली. तुझं अक्षर चांगलं आहे, नीट उतरवून दे, म्हणाली. मी वाचलं आणि तिला फाडफाड बोलले. म्हटलं, गप्प बस. पदरात दोन वर्षांची पोर आहे, उद्या कामावरून काढलं तर काय करशील? शहाणपणा करू नकोस. ती माझं ऐकायची, लहानपणापासून. तिने कागद माझ्याकडेच ठेवला आणि गप्प बसली. पाच महिन्यांनी गेली.

ती बोलली नाही. जगात एका माणसाला ते माहीत होतं आणि त्या माणसाने तिचं तोंड उघडून चौकाचौकात टांगलं होतं.

आठवडाभर मी रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. रोज रात्री तोंडाला कुलूप. सांगितलं तर पोर माझ्या हातून जाईल, आणि तिच्याशिवाय मला आहे कोण? नाही सांगितलं तर रविवारी ती माझ्या देखत व्यासपीठावर उभी राहील आणि ज्यांच्या दारात तिची आई संपली त्यांचेच गोडवे गाईल, तेही आईचा चेहरा छातीवर घालून. मी काहीच ठरवलं नाही. मला न ठरवायची सवय आहे.

शनिवारी सकाळी टिटवीने माझ्या खोलीत येऊन दिवा लावला. तिच्या एका हातात पोस्टर होतं, भिंतीवरून ओरबाडून काढलेलं, आणि दुसऱ्या हातात छोटा आरसा.

"मावशी, हा माझा दात आहे," ती म्हणाली.

उद्याचं भाषण ती पोस्टरसमोर उभी राहून पाठ करत होती. बोलता बोलता आरशात स्वतःचं तोंड बघितलं, मग पोस्टरवरचं. रेललेला दात, त्याच्या टोकाचा तोच बारीक टवका. सायकलवरून पडली होती तेव्हाचा. मी थट्टेवारी नेऊ शकले असते. तसे खूप असतात जगात, असं म्हणून वेळ मारून नेली असती. पण ती आरसा माझ्यासमोर धरून उभी होती. मी साडी बदलली आणि तिला ऑफिसात घेऊन गेले.

सुट्टी होती, ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. मी मशीन चालू केलं आणि फाइल उघडली. आम्ही मूळ फोटोला हात लावत नाही. केलेला प्रत्येक बदल त्याच्यावर वेगळ्या थरात ठेवतो. एकेका थरासमोर एक छोटा डोळा असतो. तो बंद केला की तेवढं काम नाहीसं होतं आणि खालचं दिसतं. मी तिला म्हटलं, बघ, बोलू नकोस. आणि मी डोळे बंद करत गेले.

आधी दात गेले. मग ओठ जुळले, घट्ट. मग पांढरे केस, मग सुरकुत्या, बेचाळीस, चाळीस, पस्तीस. टिटवीने माझ्या खुर्चीची पाठ धरली. हनुवटीखालचं मांस गेलं. मग मी थांबले. पुढचे थर मीसुद्धा कित्येक वर्षांत काढले नव्हते. गालांना भरलेला रंग काढला, गाल आत गेले. डोळ्यांखालचं काळं परत आलं. शेवटी स्कार्फ काढला. पडद्यावर चोवीस वर्षांची एक आजारी मुलगी राहिली, तोंड मिटून समोर बघणारी, आणि कोपऱ्यात गोलात एक शिडी.

टिटवीने भिंतीवरच्या लग्नातल्या फोटोत तिला कितीदा पाहिलं असेल. या वेळी ओळखायला तिला क्षणही लागला नाही. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती नुसती वाकून पडद्याजवळ गेली आणि त्या शिडीवर बोट ठेवलं.

"म्हणजे ती बोलली आणि यांनी तिला गप्प केलं?"

किती सोपं झालं असतं. मान हलवायची, बस्स. पोर कंपनीवर तुटून पडली असती आणि रात्री माझ्याच कुशीत शिरली असती.

"त्यांनी नाही," मी म्हटलं. "मी केलं."

मग सगळं सांगितलं. तिसरी रांग, खिळे, माझं चांगलं अक्षर. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या फाइलींच्या तळाशी, तो कागद अठरा वर्षं होता. मी काढून दिला. तिने माझ्याकडे न बघता घेतला. मिठी मारली नाही. खिडकीपाशी जाऊन मनातल्या मनात वाचत राहिली. मी खुर्चीत बसून तिच्या पाठीकडे बघत होते. अठरा वर्षं मी ज्याला भीत होते ते हेच होतं, आणि आता ते झालं होतं.

वाचून झाल्यावर ती वळली. आवाज कोरडा होता. म्हणाली, उद्या मी तिथे जाणार, आणि त्यांनी दिलेलं भाषण नाही, हे वाचणार. कॅमेरे असतील, पत्रकार असतील. मग म्हणाली, "आता तू काय म्हणशील ते मला माहीत आहे."

मलाही माहीत होतं. तेच शब्द, जसेच्या तसे, माझ्या दातांपर्यंत आले होते. गप्प बस. शहाणपणा करू नकोस. ते लोक मोठे आहेत, आपण कोण? माझी नोकरी जाईल, तुझ्यामागे वकील लागतील, तुझं कॉलेज अजून पुरं व्हायचंय. एकही शब्द खोटा नव्हता. तेव्हाही नव्हता. पडद्यावरून धाकटी बघत होती, तोंड मिटून, माझंच ऐकून.

"मोठ्याने वाच एकदा," मी म्हटलं. "ऐकू दे."

तिने कागद उजेडात धरला आणि वाचायला लागली. 'माननीय साहेब, आम्ही खाली सही करणाऱ्या बायका...' तो आवाज टिटवीचा नव्हता, निदान मला तरी वाटला नाही. अठरा वर्षांत मी तिचा चेहरा कितीदा बनवला, आवाज मात्र पार विसरून गेले होते. तो इथे होता, माझ्याच घरात वाढत होता. मी टेबलाची कड धरून बसले. तिसऱ्या ओळीत ती अडखळली. तिथे शाई पाण्याने पसरलेली आहे.

"खिडकी," मी सांगितलं. "तिथे खिडकी लिहिलंय. एक खिडकी उघडावी, एवढंच मागितलं होतं तिने."

टिटवीने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.